तीन आरोपी, नऊ आरोप, सत्तावीस रकाने: अहमद आर्बरी खटल्यात जजने ज्युरीला काय सांगितलं

२४ नोव्हेंबर २०२१. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ब्रन्सविक गावात जज टिमथी वॉल्मस्ली निकाल वाचत होते, तिथे भर दुपार आणि आपल्याकडे मध्यरात्रीचा सुमार. मी लॅपटॉपवर लाइव्ह लावून बसलो होतो आणि वहीत रेघा मारून एक तक्ता केला होता, वर तीन आरोपींची नावं, बाजूला नऊ आरोप, म्हणजे एकूण सत्तावीस रकाने. जज एकेक वाचत गेले तसा मी भरत गेलो. शेवटी मोजलं तर २३ ठिकाणी 'दोषी' आणि ४ ठिकाणी 'दोषी नाही'.

हे चारच रकाने माझ्या डोक्यातून जात नाहीत. दुसऱ्या दिवशी बाररूममध्ये एका सीनियर सरांनी विचारलं, अरे एकच खून, एकच व्हिडिओ, एकच ज्युरी, मग तिघांचा निकाल वेगवेगळा कसा? आमच्याकडे कलम ३४ (सगळ्यांचा समान हेतू) लावलं की तिघे एका दोरीत. प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर पुराव्यात जेवढं आहे तेवढंच जजने ज्युरीला ज्या सूचना दिल्या त्यात आहे. त्यासाठी हे सगळं लिहितोय.

आधी घटना थोडक्यात. २३ फेब्रुवारी २०२०, रविवार दुपार. अहमद आर्बरी, वय २५, कृष्णवर्णीय तरुण, सॅटिला शोर्स नावाच्या वस्तीतून पळत चालला होता. तिथे एक अर्धवट बांधकाम झालेलं घर होतं, त्यात तो जरा वेळ शिरला आणि बाहेर पडला, काही उचललं नाही. ग्रेगरी ऊर्फ ग्रेग मॅकमायकल (हा आधी पोलिसात आणि मग सरकारी वकिलांच्या ऑफिसात तपासनीस म्हणून काम केलेला माणूस) याने त्याला घरासमोरून पळताना बघितलं, मुलगा ट्रॅव्हिसला हाक मारली, बापाने रिव्हॉल्व्हर घेतलं, मुलाने शॉटगन घेतली आणि दोघे पिकअप ट्रक काढून मागे लागले. शेजारी राहणारा विल्यम ब्रायन, ज्याला सगळे रॉडी म्हणायचे, त्याने हे बघितलं आणि तोही आपला ट्रक घेऊन निघाला. त्याच्याकडे बंदूक नव्हती, मोबाईल होता. साधारण पाच मिनिटं दोन ट्रक एका पायी पळणाऱ्या माणसाला कोंडीत पकडत होते. शेवटी ट्रॅव्हिसच्या शॉटगनमधून तीन गोळ्या सुटल्या आणि अहमद रस्त्यातच गेला. ब्रायनने मोबाईलवर सगळं शूट केलं होतं. दोन महिन्यांहून जास्त काळ कोणाला अटक नाही, मग मे महिन्यात तो व्हिडिओ बाहेर आला आणि दोन दिवसांत बापलेकाला अटक झाली, नंतर ब्रायनला.

आता आरोप बघा, कारण इथेच गुंता आहे. ग्रँड ज्युरीने (खटला चालवायचा की नाही हे आधी ठरवणारी नागरिकांची वेगळी ज्युरी) तिघांवरही तेच नऊ आरोप ठेवले. पहिला मॅलिस मर्डर, म्हणजे मनात दुष्ट हेतू धरून केलेला खून. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत चार वेळा फेलनी मर्डर. सहावा शॉटगनने हल्ला, सातवा ट्रकने हल्ला, आठवा बेकायदा अडकवून ठेवणं, नववा तसं अडकवण्याचा प्रयत्न. माणूस एक मेला मग खुनाचे पाच आरोप कसे, हा प्रश्न आपल्याला पडणारच. तर जॉर्जियात फेलनी मर्डर म्हणजे एखादा गंभीर गुन्हा करताना माणूस मेला तर तो खून, मारायचा हेतू होता की नव्हता हे बघायचंच नाही. इथे गंभीर गुन्हे चार धरले होते, म्हणून प्रत्येकाला जोडून एक असे चार फेलनी मर्डर. दुसरा आरोप सहाव्यावर उभा, तिसरा सातव्यावर, चौथा आठव्यावर, पाचवा नवव्यावर. वरच्या मजल्याला खालचा खांब. खांब पडला की वरची खोली पडली, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं कळतं.

हे सगळं बारा साध्या माणसांना समजावून सांगायचं असतं. त्यांच्यातलं कोणी कायदा शिकलेलं असायची गरज नसते. (या ज्युरीत अकरा गोरे आणि एक कृष्णवर्णीय होता, त्यावर निवडीच्या वेळीच मोठा वाद झाला, जज स्वतः म्हणाले की यात जाणूनबुजून भेदभाव दिसतोय पण कायद्याच्या चौकटीत मला तो थांबवता येत नाही. तो एक वेगळा आणि फार मोठा विषय आहे.) खटला संपताना जज जे कायद्याचं वाचून दाखवतात त्याला तिकडे चार्ज म्हणतात, आणि आपल्याकडे मुंबईत ज्युरी होती तेव्हाही हाच शब्द होता. आपल्या कानाला चार्ज म्हणजे आरोप वाटतो म्हणून मी इथे सूचना म्हणतोय.

अनेक आरोपी एकत्र असले की सूचनांमध्ये एक वाक्य हमखास असतं: प्रत्येक आरोपीचा आणि प्रत्येक आरोपाचा विचार स्वतंत्र करा, एकाला दोषी धरलं म्हणून दुसऱ्याला धरू नका. ऐकायला किती साधं. पण एकत्र खटल्याची सगळी भीती तिथेच असते, सुक्याबरोबर ओलंही जळतं. तीन माणसं तीन आठवडे एका खोलीत शेजारी शेजारी बसलेली, तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा लागतोय, पडद्यावर एक तरुण मरतोय, अशा वेळी ज्युरीतल्या माणसाच्या मनात ते तिघे एकच होऊन जातात.

आणि गंमत म्हणून नाही तर खरंच अवघड गोष्ट म्हणून सांगतो, त्याच सूचनांमध्ये बरोब्बर उलट्या दिशेला ओढणारं दुसरं तत्त्वही असतं. जॉर्जियाचा कायदा म्हणतो की गुन्ह्यात जाणूनबुजून मदत करणारा, चिथावणारा, सामील असणारा माणूसही त्या गुन्ह्याचा भागीदार, स्वतः गोळी झाडली नसली तरी. आपलं कलम ३४ इथे आठवतं, आता न्याय संहितेत ते ३(५) आहे. पण फरक आहे बरं का. आपल्याकडे कॉमन इंटेन्शन सिद्ध झालं की प्रत्येकजण त्या कृत्याला असा जबाबदार जणू त्याने एकट्याने केलं. तिकडच्या ज्युरीला मात्र ही भागीदारी आरोपागणिक तपासायची होती: शॉटगनच्या हल्ल्यात हा भागीदार होता का? ट्रकच्या हल्ल्यात होता का? अडकवण्यात होता का? म्हणजे 'वेगवेगळं बघा' आणि 'एकमेकांशी जोडून बघा' दोन्ही एकाच वेळी, सत्तावीस वेळा. आपल्याकडेही खरं तर सेशन्स जजने प्रत्येक आरोपीची भूमिका वेगळी लिहायची असते, पण आमच्या जिल्ह्यात मी असे निकाल वाचलेत ज्यात पाच आरोपींची भूमिका दोन ओळींत उरकलेली असते आणि मग अपिलात त्यावरच भांडण होतं.

आता या खटल्याचा खरा कणा. बचावाचं म्हणणं एका ओळीत असं होतं की आम्ही त्याला पकडायला गेलो होतो, मारायला नाही, आणि नागरिक म्हणून पकडायचा हक्क आम्हाला कायद्याने दिलाय. जॉर्जियात तसा कायदा होताच, १८६३ पासूनचा. (या प्रकरणानंतर मे २०२१ मध्ये तो रद्द झाला, पण घटना २०२० ची, म्हणून खटल्याला जुनाच लागू.) त्या कलमात दोन वाक्यं होती. पहिलं वाक्य: गुन्हा तुमच्या समोर किंवा तुम्हाला थेट ठाऊक होईल असा घडला असेल तर तुम्ही गुन्हेगाराला पकडू शकता. दुसरं वाक्य: गुन्हा गंभीर असेल आणि गुन्हेगार पळून जात असेल तर वाजवी संशयावर पकडू शकता.

बचावाचे वकील म्हणत होते दुसरं वाक्य स्वतंत्र आहे. वस्तीत चोऱ्या झाल्या होत्या, ११ फेब्रुवारीला रात्री ट्रॅव्हिसने त्या बांधकामाच्या घरापाशी एक माणूस पाहिला होता, तोच हा असावा असा वाजवी संशय होता, बास. सरकारी वकील लिंडा डुनिकोस्की म्हणत होत्या दुसरं वाक्य पहिल्याला चिकटलेलं आहे, गुन्हा तुमच्या डोळ्यासमोर किंवा थेट माहितीत आणि आत्ता घडलेला पाहिजे, मागच्या कुठल्यातरी दिवशी काही झालं असेल म्हणून आज रस्त्यात कोणाला घेरता येत नाही.

हा वाद ज्युरीसमोर झालाच नाही. शुक्रवारी १९ नोव्हेंबरला, ज्युरीला घरी ठेवून, जज आणि दोन्हीकडचे वकील बसले आणि सूचनांचा एकेक शब्द घासून बघितला. सोमवारी शेवटची भाषणं होती, त्यामुळे वकिलांना आधी माहीत पाहिजे की जज कायदा काय सांगणार, नाहीतर भाषण कशावर करायचं. जजनी निर्णय दिला तो मुख्यतः सरकारी बाजूने: पकडायचं तर गुन्हा झाल्यावर लगेच, किंवा गंभीर गुन्हा असेल तर गुन्हेगार तिथून पळत असतानाच, ती वेळ गेली की नागरिकाचा पकडायचा हक्कही गेला. बचावाचे वकील चिडले, आमचा अख्खा खटला ज्यावर उभा होता तेच काढून घेतलं, हे म्हणजे सरकारच्या बाजूने निकाल सांगण्यासारखंच आहे असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि त्यांनी हरकत रेकॉर्डवर नोंदवली.

त्यांचं चिडणं मला समजतं, पण मला वाटतं जज बरोबर होते. दुसरं वाक्य सुटं वाचलं तर कोणीही बंदूकवाला शेजारी महिन्याभरापूर्वीच्या चोरीच्या संशयावर वाटेत कोणालाही अडवू शकतो, आणि कुठल्याही कायद्याचा असा अर्थ लावताना हात थरथरला पाहिजे. आपल्याकडेही खासगी माणसाने अटक करायची तरतूद आहे, आधी सीआरपीसीचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम ४३, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ४०, आणि त्यातही 'त्याच्यासमोर' अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा केलेला माणूस असं स्पष्ट लिहिलंय (फरार घोषित गुन्हेगार सोडून), शिवाय आता सहा तासांच्या आत पोलिसांकडे किंवा ठाण्यात द्यायचं. चोर समजून गावात कोणाला बांधून मारलं अशा केसेस ज्यांनी चालवल्यात त्यांना 'त्याच्यासमोर' या एका शब्दाची किंमत माहीत आहे.

या एका सूचनेमुळे पुढे काय झालं ते बघा. पकडायचा हक्क नाही, तर दोन ट्रकनी घेरणं म्हणजे बेकायदा अडकवणं आणि हल्ला. हल्ला म्हणजे गंभीर गुन्हा. आणि जॉर्जियाचा कायदा सांगतो की जो स्वतः गंभीर गुन्हा करतोय किंवा ज्याने आधी आगळीक केलीय त्याला स्वसंरक्षणाचा बचाव नाही. म्हणजे ट्रॅव्हिसचं सगळ्यात मोठं म्हणणं, की अहमदने माझी बंदूक धरली म्हणून मी जिवाच्या भीतीने झाडली, तेही गेलं. राहिला काय, तर गंभीर गुन्हा करताना झालेला मृत्यू, म्हणजे फेलनी मर्डर. एका वाक्यातल्या 'लगेच' या शब्दाला धरून नऊच्या नऊ आरोप ओळीने उभे राहतात. अर्थात ज्युरीने तथ्यं मानली तरच, जजने तथ्यं सांगायची नसतात. आणि तथ्यांत ट्रॅव्हिस स्वतःच अडकला होता, उलटतपासणीत त्याने कबूल केलं की अहमदने त्याला ना धमकी दिली होती ना शस्त्र दाखवलं होतं, आणि सुरुवातीच्या जबाबात पोलिसांना तो नागरिक म्हणून अटक वगैरे काही बोललाच नव्हता.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तिघांपैकी ट्रॅव्हिस एकटाच उभा राहिला. बाकी दोघांनी साक्ष दिली नाही, तो त्यांचा हक्क, आणि त्यावरून त्यांच्याविरुद्ध काही समजू नका हेही ज्युरीला सांगावं लागतं. एकत्र खटल्यात हे फार नाजूक असतं कारण एक बोलला की दुसऱ्यांचं गप्प राहणं आपोआप डोळ्यात येतं. याच्याच जवळचा प्रश्न म्हणजे सहआरोपीने पोलिसांना दिलेला जबाब. १९६८ मध्ये ब्रूटन खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की एका आरोपीच्या कबुलीजबाबात दुसऱ्याचं नाव असेल आणि तो कबुली देणारा उलटतपासणीला उभाच राहणार नसेल, तर 'हा जबाब फक्त त्याच्यापुरता वापरा' एवढी सूचना पुरत नाही. कोर्टाने स्वतःच मान्य केलं की काही गोष्टी ऐकल्यावर माणूस मनातून पुसू शकत नाही. आपल्याकडे पोलिसांपुढची कबुली पुराव्यात येतच नाही (जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५), आणि बाकीची कबुली सहआरोपीविरुद्ध 'विचारात घेता' येते (त्याच कायद्याचं कलम ३०), पण आपल्याकडे विचारात घेणारा जज असतो, त्याला निकालपत्रात कारणं लिहावी लागतात. ज्युरी कारणं लिहीत नाही. म्हणून तिथे सूचना हीच एकमेव जागा आहे जिथे कायदा कसा लावला हे कागदावर सापडतं.

२३ नोव्हेंबरला सूचना वाचून झाल्या आणि ज्युरी आत गेली. दोन दिवस मिळून साधारण दहा-अकरा तास चर्चा झाली असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी व्हिडिओच्या दोन आवृत्त्या पुन्हा दाखवायला सांगितल्या, प्रत्येकी तीन वेळा, आणि ग्रेगने ट्रकच्या मागच्या भागात उभं राहून केलेला ९११ चा (तिकडच्या आपत्कालीन मदतीच्या नंबरचा) कॉल ऐकला. का मागितलं हे ज्युरी सांगत नसते. पण माझ्या तक्त्याकडे बघून मला वाटतं ती माणसं एकेक रकाना तपासत होती, कारण त्या चित्रात कोण कुठे उभा आहे आणि कोणाच्या हातात काय आहे यावरच तर फरक पडणार होता.

मग निकाल. ट्रॅव्हिस, पहिला आरोप, दोषी. कोर्टात अहमदच्या वडिलांचा आवाज फुटला, जजनी त्यांना बाहेर न्यायला सांगितलं. ट्रॅव्हिस नऊपैकी नऊ. ग्रेग: पहिला आरोप, दोषी नाही, बाकी आठ दोषी. ब्रायन: पहिला नाही, दुसरा नाही, सहावा नाही, उरलेले सहा दोषी.

आता ते चार रकाने वाचा. ग्रेगला शॉटगनच्या हल्ल्यात भागीदार धरलं, बंदूक मुलाच्या हातात असली तरी, कारण दोघे मिळून शस्त्र घेऊन निघाले, एका ट्रकमध्ये. पण मॅलिस मर्डरला जो दुष्ट हेतू लागतो, तो ट्रिगर दाबणाऱ्या मुलाच्या मनातला होता, बापाच्या मनातला आहे असं ज्युरीने मानलं नाही. मुलाचा हेतू त्यांनी बापाच्या गळ्यात टाकला नाही, ब्रायनच्याही नाही, म्हणून त्याचाही पहिला आरोप पडला. ब्रायनकडे बंदूक नव्हती, म्हणून त्याचा सहावा आरोप पडला. सहावा पडल्यावर त्याच्यावर उभा असलेला दुसरा पडला, खांब आणि वरची खोली. पण त्याच्या ट्रकवर अहमदच्या तळव्याचा ठसा आणि शर्टचे धागे सापडले होते, आणि आपण त्याला अडवायचा प्रयत्न केला हे त्याने पोलिसांना सांगितलं होतं, म्हणून सातवा उभा राहिला आणि सातव्यावरचा तिसराही. आठवा आणि त्यावरचा चौथा, नववा आणि त्यावरचा पाचवा, हेही तसेच. कुठेही विसंगती नाही. बारा माणसांनी, एकमताने (तिथे दोषी असो की निर्दोष, एकमतच लागतं), इतकं नीट गणित सोडवलं हे बघून मला खरंच भरून आलं. रागाच्या भरात दिलेला निकाल असा नसतो, रागात सत्तावीसच्या सत्तावीस दोषी झाले असते.

इथे नानावटी खटला (बायकोच्या प्रियकराला गोळी घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याचा) आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबईच्या सेशन्स कोर्टात ज्युरीने ८ विरुद्ध १ ने निर्दोष म्हटलं, जजना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, आणि हायकोर्टाला दिसलं की खुद्द जजने ज्युरीला दिलेल्या सूचनाच चुकल्या होत्या. त्यातली एक मोठी चूक म्हणजे गोळी अपघाताने सुटली असा बचाव घेतला तर तो दाखवायची जबाबदारी आरोपीची असते, हे ज्युरीला सांगितलंच नाही. सुप्रीम कोर्टाने जन्मठेप कायम केली ती तारीख २४ नोव्हेंबर १९६१. ब्रन्सविकचा निकाल बरोबर साठ वर्षांनी, त्याच तारखेला. योगायोग आहे, पण मला तो महत्त्वाचा वाटतो कारण दोन्हीकडे सगळं सूचनांवर फिरलं. फरक एवढाच की अमेरिकेत ज्युरीने निर्दोष म्हटलं की विषय संपला, सरकारला अपील नाही. जजने सूचना आरोपीच्या बाजूने चुकवली तर ती चूक कायमची, आणि आरोपीच्या विरुद्ध चुकवली तर ती अपिलात तपासली जाते. म्हणून त्या शुक्रवारी वॉल्मस्ली एकेका शब्दावर थांबत होते आणि म्हणून बचावाचे वकील हरकती नोंदवत होते.

शिक्षा ७ जानेवारी २०२२ ला झाली. ट्रॅव्हिस आणि ग्रेग दोघांना जन्मठेप, पॅरोलची आशा नाही, वर २० वर्षं. म्हणजे पहिल्या आरोपातून सुटूनही ग्रेगची शिक्षा मुलाएवढीच, कारण तिथे फेलनी मर्डरलाही जन्मठेपच आहे. फेलनी मर्डर हा नियम मला फार कडक वाटतो, हेतू न बघता खून म्हणायचा हे पटत नाही, आणि ब्रायनचा रकाना भरताना माझा पेन थांबला होता हे खरं आहे. पण त्याच ब्रायनने पाच मिनिटं ट्रक वळवला नसता तर अहमदला पळायला वाट मिळाली असती, हेही तितकंच खरं.

ब्रायनला जन्मठेप झाली, पॅरोल मागता येईल पण ३० वर्षांनी. तो तेव्हा ५२ वर्षांचा होता.